दुपारचा टेंभा

चिमण बोलायचा थांबला तेव्हा सगळ्यात आधी घाबरली ती त्याची सून, दक्षा. घाबरेल नाही तर काय? हा माणूस म्हणजे पाड्याचं चालतंबोलतं पंचांग होता. डहाणूजवळच्या कैनाडच्या पुढं, डोंगराच्या अंगाला त्यांचा पाडा. तिथं कुणाची म्हैस अडली, कुणाच्या पोरीला पाहुणे आले, कुणाचं भात आडवं झालं, चिमणचं मत तयार असायचं आणि ते विचारायच्या आधीच मिळायचं. लग्न होऊन आली त्या साली दक्षाला वाटायचं, हा म्हातारा घटकाभर गप्प बसेल तर देवाला नारळ वाहीन. आता तो खरंच गप्प बसला होता आणि तिला घर खायला उठत होतं.

कारण साधं होतं आणि वाईट होतं. काचबिंदूनं त्याची नजर गेली. आधी कडाकडानं गेली, मग मधली गेली. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की उशीर झालाय, गेलेली परत यायची नाही. चिमणनं ऐकून घेतलं, मान हलवली, घरी येऊन ओट्यावर बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की आत यायचा, जेवून परत ओट्यावर. दक्षानं मुद्दाम आमटीत मीठ टाकायचं विसरून पाहिलं. तीही त्यानं मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवशी ती चुलीपुढं बसून रडली.

आणि त्या घराचा मान तरी कसला म्हणाल, तर टेंभ्याचा. उन्हाळ्यात गावात बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची सोंगं लाकडी मुखवटे चढवून संबळावर नाचतात. यातलं प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं, बापाकडून लेकाकडं आलेलं. त्या घरानं काढलं नाही तर ते सोंग त्या साली निघत नाही. दुसऱ्यानं त्या मुखवट्याला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. चिमणच्या घराला मुखवटा कधीच नव्हता. त्यांच्याकडं सोंगापुढचा टेंभा होता. काठीला चिंध्या गुंडाळायच्या, तेलात भिजवून पेटवायच्या आणि सोंगाकडं तोंड करून उलट्या पावली चालायचं, म्हणजे लोकांना मुखवटा नीट दिसतो. चिमणनं उभा जन्म दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला होता आणि त्याचा त्याला काय तोरा होता! टेंभा नसेल तर रावण काय आणि गणपती काय, सगळे अंधारातली लाकडं, असं तो ऐकवायचा. नजर गेल्यावर त्याच्या लेकानं, नितीननं, टेंभा धरला. चिमण त्या साली बोहाड्याला गेलाच नाही.

नितीन तलासरीहून भिलाडकडं टेम्पो चालवतो. एकदा तलासरीच्या एका भंगारवाल्याकडं त्याला जुना डीव्हीडी प्लेअर दिसला. त्याच्यासोबत सीड्यांचं एक खोकं होतं, वर मोठ्या मोठ्या डोळ्यांची एक पोरगी कोल्ह्यावर बसलेली. जपानी कार्टून आहे, हिंदीत बोलतंय, असं भंगारवाला म्हणाला. घरात जरा आवाज होईल एवढ्याच विचारानं नितीननं ते उचललं. दक्षानं कपाळावर हात मारला. घरात बारकं पोर नाही, कार्टून बघणार कोण? पण प्लेअर चालू लागला, आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नवरा-बायकोनं पहिली सीडी लावली.

गोष्ट होती मिरू नावाच्या पोरीची. तिच्या देशातला सूर्य काळ्या राजानं चोरून नेला होता, म्हणून ती कोल्ह्यावर बसून डोंगरामागून डोंगर ओलांडत निघाली होती. कोल्हा पक्का लबाड, खादाड आणि शिवराळ. चित्रं अशी की दक्षा भाजी निवडायची विसरली. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक म्हातारा डोंगर दिसायचा. त्याला नाक होतं, दाढीच्या जागी शेवाळ होतं, डोळे मात्र मिटलेले. तो कधी काही बोलायचा नाही. नुसता बसलेला असायचा.

दुसऱ्या रविवारी काळ्या राजाच्या शिपायांनी कोल्ह्याला पिंजऱ्यात घातला, आणि नेमकी वीज गेली. घरात शांतता झाली. आणि ओट्यावरून आवाज आला, "त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं?"

दक्षानं दाराची चौकट धरली. कितीतरी महिन्यांत चिमणनं विचारलेला तो पहिला प्रश्न होता. ती काही बोलणार तेवढ्यात त्यानं वैतागून पुढं विचारलं की तो सुटला की नाही, एवढं तरी कुणी सांगेल का. वीज आली तशी तिनं त्याचा हात धरून त्याला आत आणला, टीव्हीपुढं गोधडी घालून बसवला. कोल्हा सुटला. चिमण मांडीवर थाप मारून हसला. नितीन उगाच पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग काय, रविवार म्हणजे मिरूचा झाला. शेजारची बुधीबाई यायला लागली. समोरच्या घरातला उमेश आणि त्याची बायको जमना यायला लागले. चिमण आवाजावरून सगळ्यांना ओळखायचा, मधे मधे मत द्यायचा, शिपायांना शिव्या घालायचा. आणि भाग संपला की दरवेळी दक्षाला एकच विचारायचा, तो डोंगर काय करतोय.

"बसलाय, मामा," ती सांगायची.

"डोळे उघडले?"

"नाही."

"बसू दे बापड्याला," चिमण म्हणायचा, आणि दक्षा टीव्ही बंद करायची.

असं सगळं छान चाललेलं असताना हिंदी गायब झालं. खोक्यातल्या पुढच्या सीड्या कुठल्या तरी दुसऱ्याच पेटीतल्या असाव्यात. चित्र तेच, माणसं तीच, पण बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. नितीननं प्लेअरचं एकूण एक बटण दाबून पाहिलं, मोबाईलवर शोधून पाहिलं. कुठं काही मिळालं नाही. चिमणनं थोडा वेळ ते अनोळखी बोलणं कान देऊन ऐकलं आणि हातानं चाचपडत उठायला लागला. जाणार कुठं, तर ओट्यावर.

दक्षानं त्याला खाली बसवला. ती आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली. तिचं इंग्रजी काही धावणारं नव्हतं, चालणारं होतं. तिनं नितीनच्या हातात रिमोट दिला आणि सांगितलं, एक वाक्य झालं की थांबव. मग ती वाचायची, मनात जुळवायची आणि आपल्या बोलीत सांगायची. वेळ लागायचा, पण गोष्ट पुढं सरकत होती. एक अख्खा भाग तिनं तसा ओढला. घसा कोरडा पडला. संपल्यावर तिला वाटलं, सासरा आता चार शब्द कौतुकाचे बोलेल.

चिमण म्हणाला की तू मेहनत केलीस खरी, पण मिरू तू, कोल्हा तू, राजा पण तू, हे काही खरं नाही. सगळे एकाच आवाजात बोलतात, कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. बोहाड्यात सगळी सोंगं एकाच माणसानं काढलेली कुणी पाहिलीत का?

तिथून ते खूळ निघालं. चिमणनं तिथल्या तिथं सोंगं वाटली. मिरू आपल्या घरची, म्हणजे दक्षाची. कोल्हा बुधीबाईच्या घरचा. बुधीबाई म्हणाली, बायकांनी सोंग काढायचं नसतं, पाप लागेल. चिमणनं निवाडा दिला की इथं मुखवटा चढवायचा नाही, नुसता आवाज काढायचा आहे, आणि शिव्या देण्यात अख्ख्या पाड्यात तुझ्या तोडीचा कोल्हा सापडणार नाही. बुधीबाईनं हे कौतुक म्हणून घेतलं आणि पुढं कधी तक्रार केली नाही. शिपाई, म्हातारे, भुतं असं किरकोळ सगळं नितीनकडं आणि जमनाकडं गेलं. राहता राहिला काळा राजा. त्यावर वाद नव्हताच, कारण बोहाड्यातला रावण उमेशच्या घरचा. राक्षस त्याच्या रक्तातच.

आणि मजा आली हो. दक्षा खालची अक्षरं वाचून हळूच ज्याचं त्याला सांगायची, तो आपल्या आवाजात बोलायचा, नितीन बटण दाबायचा. आधी लाजत, मग रंगात येऊन. बुधीबाईचा कोल्हा तर दिलेल्या वाक्यावर कधी थांबलाच नाही. जपान्यांनी लिहिलं नसेल ते सगळं तो बोलला. जमनानं एका मरणाऱ्या भुताचं काम असं केलं की स्वतःच रडली. तासाभराची गोष्ट दुपारभर पुरायची. चिमण मधे बसून सगळ्यांना हुकूम सोडायचा, आवाज चढवा, आवाज उतरवा. त्याचं जुनं तोंड पुन्हा सुटलं होतं आणि दक्षाला ते ऐकून गोड वाटत होतं.

तेच तोंड नडलं.

शेवटून दुसऱ्या सीडीत काळा राजा पहिल्यांदा स्वतः मिरूपुढं येतो. काळ्या ढगातून उतरतो आणि गर्जना करतो. उमेशला त्या दिवशी सर्दी झालेली. त्यानं गर्जना केली ती अर्धी नाकातून आली आणि शेवटी फाटली. कुणी हसलं नाही. चिमण मात्र सगळ्यांपुढं म्हणाला की असला राक्षस आला तर माझी खुडूक कोंबडी पण त्याला अंगणातून हाकलून लावील.

तेव्हा सगळे हसले. उमेश हसला नाही. त्याच्या आज्यानं, बापानं आणि त्यानं रावण नाचवला होता. पोरंसोरं त्या मुखवट्याला भिऊन आईच्या पदराआड लपायची. तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. जमनालाही त्याच्या मागं जावं लागलं.

शेवटची सीडी खोक्यात तशीच राहिली. दक्षाला वाटलं होतं, दोन दिवसांत निवळेल. पुढच्या रविवारी उमेश आला नाही. मग नितीन म्हणाला, एवढं काय त्यात, राजाचं मी बोलतो. तो पहिलं वाक्य बोलला आणि चिमणनं दोन्ही कानांवर हात ठेवले. उमेशच्या घरचं सोंग तू कुणाला विचारून उचललंस, असं त्यानं विचारलं. बुधीबाईचाही चेहरा पडला. अपशकुन केलास रे, असं ती नितीनला म्हणाली आणि भाकरी टाकायची आहे म्हणून घरी गेली. जपानी कार्टूनला बोहाड्याचे नियम लागतात की नाही हे विचारायची तिथं कुणाची छाती नव्हती.

मग दक्षानं लबाडी करून पाहिली. ती आणि चिमण दोघंच घरात असताना तिनं सीडी लावली आणि सांगायला सुरुवात केली की काळा राजा काही या भागात येत नाही, तो आजारी पडून दूर गेलाय. चिमण शांतपणे ऐकत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "दक्षा, हा आत्ता बोलला तो कोण?"

"शिपाई, मामा."

"शिपाई नाही. हा राजाच आहे. जपानीत बोलला म्हणून मी ओळखणार नाही होय?"

दक्षानं सीडी बंद केली. तिला लाज वाटली. आणि तिच्या डोळ्यांदेखत चिमण उठला, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेला आणि ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या दिवशीही बसला. आमटीत मीठ कमी झालं होतं, या खेपेला खरोखरच विसरून. तो काही बोलला नाही.

ती उमेशच्या घरी गेली. उमेश अंगणात कुंपणाला काट्या बांधत होता. तिनं विनवलं, चिमणच्या वतीनं माफी मागितली, शेवटी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उमेशचं उत्तर ठरलेलं होतं की मला कशाला बोलावता, कोंबडीलाच बोलवा. पण निघताना जमनानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारी दुपारी हा बाबा घराच्या आडोशाला, तुमच्या भिंतीच्या रोखानं खाट टाकून पडतो. झोपत नाही. सीडी लागली का ऐकत असतो. शेवट काय होतो यानं त्याचाही जीव जातोय, पण आपण होऊन येईल तर तो उमेश कसला.

दक्षा घरी आली ती पेटूनच. म्हातारा ओट्यावर बसला होता, शेवाळ आलेल्या त्या डोंगरासारखा. आजवर ती सासऱ्याला उलट शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामा, नजर गेली त्यात तुमचा दोष नव्हता. हे मात्र तुम्ही स्वतःच्या तोंडानं घालवलंत."

चिमण हलला नाही. ती आत गेली, भांडी घासायला घेतली, आणि आपण काय बोलून बसलो म्हणून घासलेलीच परत घासत राहिली. कितीतरी वेळानं ओट्यावरून हाक आली. चिमणनं तिला विचारलं की माळ्यावर टेंभ्याची काठी आहे का, की नितीननं चुलीत घातली.

काठी होती. चिमणनं तिला समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याचा जुना सूर हळूहळू परत येत होता. माणूस रुसला तर माणसाला जावं लागतं, कमीपणा घ्यावा लागतो, आणि तेवढी अक्कल मला या वयात येणं कठीण. पण रुसलंय ते सोंग. सोंग रुसलं तर टेंभा आणि संबळ घेऊन त्याच्या दारात जायचं आणि सोंगाला हाक मारायची. सोंगाला कमीपणा नाही, टेंभ्यालाही नाही. त्याच्या आज्याच्या वेळी एका घरची त्राटिका अशीच रुसली होती, तेव्हा हेच केलं होतं. दक्षानं विचारलं की पण टेंभा संध्याकाळनंतर पेटवायचा ना? चिमण म्हणाला, मला दुपार आणि रात्र सारखीच आहे, तू तेल बघ.

तेव्हा रविवारी भर दुपारी, लखलखीत उन्हात, चिमणच्या घरातून पेटता टेंभा निघाला. ऊन एवढं की ज्योत दिसतही नव्हती, नुसता धूर दिसत होता. पुढं नितीन संबळ बडवत, त्याला ते नीट येत नाही ही गोष्ट वेगळी. मागं एका हातात टेंभा आणि दुसऱ्यानं दक्षाचा हात धरून चिमण, आणि त्याच्या मागं बुधीबाई. पाड्यातली माणसं बोहाडा आजच आहे की काय म्हणून बाहेर आली आणि काही न विचारता मागं चालू लागली. उमेशचं दार बंद होतं. आत माणूस असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणात जमनाच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या.

चिमणनं टेंभा उंच धरला. त्याचा आवाज एवढा मोठा दक्षानं कधी ऐकला नव्हता.

"काळ्या राजा! टेंभेवाल्याचं घर दारात आलंय. तुझ्या तोंडावर उजेड पाडायला आलंय. बाहेर ये!"

काही झालं नाही. नितीनचा संबळ अडखळला. दक्षानं चिमणच्या हाताकडं पाहिलं, टेंभा जरासा कलला होता. आता हा हात खाली आला तर म्हातारा परत ओट्यावर जाईल आणि मग तिथून कुणी त्याला उठवू शकणार नाही, हे तिला लख्ख कळलं. कुणा देवाचं नाव घ्यावं ते तिला सुचेना, म्हणून ती मनातल्या मनात उमेशच्याच विनवण्या करत राहिली.

आणि मग आतून गर्जना आली. अशी आली की कौलं हलली म्हणावं. दार धाडकन उघडलं आणि दारात उमेश, सर्दी गेलेला, छाती पुढं काढलेला. तो दुसऱ्यांदा गरजला. जमनाच्या कोंबड्या फडफडत, कोकलत सुटल्या, दोन कुंपणापलीकडं गेल्या, एक थेट छपरावर. बुधीबाईच्या तोंडून कोल्ह्याची शिवी निघाली.

चिमणनं मान तिरकी करून ऐकलं. "दक्षा, कोंबड्या पळाल्या?"

"पळाल्या, मामा. सगळ्या पळाल्या."

"खुडूक पण?"

"ती छपरावर आहे."

उमेशचं तोंड आधी कडक होतं, मग ते सुटलं, आणि तो पोट धरून हसायला लागला. चिमणही हसला. माफी कुणी मागितली नाही आणि कुणाला ती आठवलीही नाही.

आता परतायचं होतं. दक्षा चिमणचा हात धरायला पुढं झाली तर त्यानं तो सोडवून घेतला. सोंग निघालं की टेंभेवाला सोंगाकडं तोंड करतो, असं तो म्हणाला. तो उमेशकडं वळला आणि उलट्या पावली चालायला लागला. वाटेत दगड होते, चिखल होता, बांधलेला रेडा होता. नितीननं संबळ सोडून बापाला धरायला हात पुढं केला.

"वाजव तू," चिमण त्याला म्हणाला. "मी जन्मभर उलटाच चाललोय. मला रस्ता कधी दिसत होता?"

आणि तो चालला. टाच टेकवत, जमीन चाचपत, न अडखळता, टेंभा उमेशच्या तोंडापुढं बरोब्बर धरून. रेड्याच्या आधी तो आपसूक डावीकडं सरला. त्याच्या समोरून उमेश नाचत येत होता, रावण नाचतो तसाच, आणि सगळा पाडा मागून. दक्षा बाजूनं धावत होती, हात पुढं करून, पण त्या हातांची गरजच पडली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, आणि दोन्ही कुणी बघतंय याची तिला फिकीर नव्हती.

शेवटच्या सीडीला घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. खिडकीतून माणसं, दारातून माणसं. टेंभा विझवून कोपऱ्यात ठेवला होता, त्याच्या तेलाचा वास सगळीकडं. उमेश असा काही बोलला की काळ्या राजाच्या बाजूनं निम्मा पाडा झाला. कोल्हा जखमी झाला तेव्हा बुधीबाई पहिल्यांदा शिवी न देता एक वाक्य बोलली. शेवटी राजा हरला, सूर्य त्याच्या छातीतून निघाला, पण मिरूला तो उचलवेना. ती गुडघ्यावर बसली आणि ओरडली, कुणी आहे का? दक्षा तिच्या आवाजात तसंच ओरडली.

मग चित्रात सगळं थरथरलं आणि एक खोल आवाज आला. नितीननं बटण दाबलं. दक्षा पडद्याकडं बघत राहिली. खाली अक्षरं होती आणि ती अक्षरं कुणाची हे तिला कळायला जरा वेळ लागला.

"कोण बोलतंय?" चिमणनं विचारलं. "हा आवाज नवा आहे. मी हा कधी ऐकला नाही."

"डोंगर," दक्षा म्हणाली. "मामा, डोंगर बोलतोय."

घरात कुजबुज झाली. मग चिमणनं हळूच विचारलं, डोळे उघडले का त्यानं?

दक्षाला वाटलं, हो म्हणून टाकावं. कुणाला कळणार होतं? पण एकदा तिनं लबाडी करून पाहिली होती.

"नाही मामा. मिटलेलेच आहेत. तसेच ठेवून बोलतोय."

"मग हरकत नाही," चिमण म्हणाला. "कुणाच्या घरचं सोंग आहे ते?"

हे सोंग कुणाला वाटून दिलंच नव्हतं, कारण डोंगर कधी बोलेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. नितीननं दक्षाकडं पाहिलं. बुधीबाईनं उमेशकडं पाहिलं. आणि उमेशनं, राक्षसानंच, उत्तर दिलं.

"टेंभेवाल्याच्या घरचं," तो म्हणाला.

चिमणनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. तो ताठ बसला. दक्षानं खाली वाकून त्याच्या कानात ते वाक्य सांगितलं. त्यानं ते एकदा ओठांत घोळवलं आणि मग मोठ्यानं म्हटलं.

"पोरी, मी इथंच आहे. मला दिसत नाही, पण तुम्ही सगळे माझ्या अंगावर खेळत होतात ते मला कळत होतं."

खिडकीतल्या कुणीतरी नाक ओढलं. नितीननं रिमोट उचलला, कारण डोंगराचं वाक्य तेवढंच होतं. पण चिमण थांबला नव्हता. त्यानं मिरूला सांगितलं की सूर्य एकटीनं उचलायचा नसतो, दोन माणसं बोलवायची, एवढी साधी गोष्ट तुला कुणी शिकवली नाही का. कोल्ह्याला सांगितलं की तुझी जीभ आवर, आणि बुधीबाईनं तिथल्या तिथं उलटून उत्तर दिलं. मग राजाला सांगितलं की तुझी आजची गर्जना चांगली होती, पण दुसरी पहिलीपेक्षा जरा लांबली. आणि मग तो पाड्याच्या पाण्याच्या टाकीवर आला, तिथून नितीनच्या टेम्पोच्या चाकांवर, आणि सकाळच्या आमटीतल्या मिठावर.

दक्षानं नितीनच्या हातावर हात ठेवला. त्यानं बटण दाबलं नाही. पडद्यावर मिरू गुडघ्यावर बसून वाट बघत होती, आणि डोंगर बोलत होता.